चारपैकी किती

दर तीन महिन्यांनी नागपूरच्या दवाखान्यातून सिस्टरचा फोन येतो. त्या सकाळी मला एका जागी बसवत नाही. काठी टेकत या खोलीतून त्या खोलीत जातो. माझा आजार नसांचा. अंगातली ताकद हळूहळू जाते. किती गेली, ते सिस्टर एकेका कामाबद्दल विचारते आणि मीच चारपैकी आकड्यात सांगायचं. चार म्हणजे पहिल्यासारखं, शून्य म्हणजे होतच नाही.

मागच्या खेपेला फोन स्पीकरवर होता. बायको शेजारी.

"काका, शर्टाच्या गुंड्या?"

"तीन," मी म्हणालो.

"तीन? रोज मीच तर लावून देऊन राहिली!" बायको म्हणाली.

"खालची एक मी लावतो ना!"

पांढुर्ण्याच्या बाजारात माझं कापडाचं दुकान. जन्मभर या हातांनी थानं उलगडली, घड्या घातल्या. दोन म्हणायला जीभ वळेना. सिस्टरच म्हणाली, "दोन लिहिते."

"जिना?"

"चढतो मी."

"मंग चढून दाखवा," बायको म्हणाली.

मी तिरीमिरीत उठलो. कठडा धरून दोन पायऱ्या चढलो आणि गुडघा दुमडला. तिनं मागून कंबरेला मिठी मारली, म्हणून वाचलो. दोघंही पायरीवर बसलो, धापा टाकत. खोलीत फोन एकटाच बोलत होता, "हॅलो? काका?"

"एक लिहा, सिस्टर!" ती तिथूनच ओरडली. रागानं मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परत येऊन बसलो, तर पुढचा प्रश्न बोलण्याचा. तिनं लगेच सांगून टाकलं, "चार. मले सगळं समजते."

पण आदल्याच दिवशी लोधीखेड्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं फोनवर सारखं "काय? काय?" केलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, "दुसरं कोनी हाय का दुकानात?"

"दोन," मी म्हणालो.

"काहून?"

"तू रोज आयकून राहिली, म्हणून तुले समजते."

सिस्टर म्हणाली, "काकू, खरं सांगू? काकांचं मला अर्धंच कळतंय."

बायकोचा चेहरा उतरला. पदरानं तिनं फोनची काच उगाच पुसली. मग म्हणाली, "कधी आणू यायले दवाखान्यात?"

सोमवारी आम्ही नागपूरला जाऊन आलो. तिथल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी सावकाश, तोडून तोडून बोलायला शिकवलं. बायकोला सांगितलं, अंदाजानं समजून घेऊ नका.

आता ती नेमानं म्हणते, "नाही समजलं." मी चिडतो, हात आपटतो. ती हलत नाही. मग मी पुन्हा सांगतो.