खाडीतलं मखर

बाळांनो, तुम्ही आठवडाभर कालव्यातून बोटीनं जाणार, बोट स्वतःच चालवणार आणि वाटेत मोठी शहरं लागणार, असं कळवलंत. धाकटीनं विचारलंय, बोटीवर कमान करून तिला फुलं आणि पताका बांधल्या तर कशा दिसतील? छान दिसतील. पण बांधू नका. नुसतं 'नको' म्हटलं तर तुम्ही ऐकायचे नाही, म्हणून कारण लिहिते आहे. तुमच्या आईला काल फोन केला आणि विचारलं, हे लिहू का? ती म्हणाली, "लिही. मला सांगता आलं नाही कधी."

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, तुम्हा दोघांच्या जन्माआधीची. तुमची आई पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे रत्नागिरीला आली होती. सातवा महिना होता. आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात. तिला हिरवी साडी नेसवायची, फुलांचे दागिने घालायचे, ओटी भरायची, आवडीचं खायला घालायचं. कुणी बागेत करतं, कुणी चांदण्यात, कुणी नावेत. तुमची दुसरी आजी, म्हणजे माझ्या विहीणबाई, पुण्याहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांची हौस नावेची आणि चांदण्याचीही. आमच्या दाराशी खाडी असताना नाही कशाला म्हणायचं? पौर्णिमा ठरली.

मी होडी सांगितली. होडीवाला राजिवड्याच्या मच्छीमार वस्तीतला, वयस्क, आमच्याकडे वर्षानुवर्षं मासळी आणून देणारा. तो म्हणाला, "दुपारी भरतीला निघू नि लगेच परत येऊ, बाय. पुनवेची ओहोटी वाईट. पानी नुसता पळतो." मी बरं म्हटलं, चांदण्यातलं जेवण परतल्यावर अंगणात करायचं ठरलं. माझी सगळी काळजी वेगळीच होती. बंदराच्या वस्तीवरून जायचं, गर्दी असते, कोण कसा असेल सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांना सोन्याचे दागिने घरी काढून ठेवायला लावले. पाण्याचा गडू, टॉवेल, छत्री, सगळं आठवणीनं घेतलं. चोरांपासून आम्ही अगदी सुरक्षित होतो.

उशीर मखरानं केला. केळीचे खुंट होडीच्या दोन्ही कडांना उभे करून वर कमान करायची, तिला झेंडू, शेवंती, आंब्याचे टाळे बांधायचे आणि मधे चौरंगावर खुर्ची ठेवून, ती फळीला आवळून, तुमच्या आईला बसवायचं. विहीणबाईंना कमान आणखी उंच हवी होती. फुलं कमी पडली, पुन्हा आणवली. सुंभाच्या गाठी मी स्वतः मारल्या. माझ्या गाठी सुटत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे.

निघताना होडीवाल्यानं पाण्याकडे पाहिलं. "ओहोटी लागली, बाय. उद्या करूया काय?"

"उद्या पौर्णिमा नाही," विहीणबाई म्हणाल्या. "आणि कोकणातल्या माणसाला पाण्याची भीती वाटते होय?"

"भीती नाय, वळख हाय," तो म्हणाला आणि वल्ही उचलली. सगळ्या हसल्या. मीही.

आम्ही पाचजणी होतो. तुमची आई, आम्ही दोघी विहिणी आणि शेजारच्या दोन सवाष्णी. होडीवाला मागे आणि त्याच्या पुढ्यात ते मखर. थोडं गेल्यावर तो म्हणाला, "पुढचा काय दिसत नाय. फुलाच दिसतात." मग शेजारच्या एकीला पुढे बसवून वाट सांगायला लावलं. पण ती ओटीच्या गाण्यात रंगली. तुमची आई खुर्चीत ताठ बसली होती, लाजत, वैतागत. "आई ग, मला देवीसारखं मिरवताय तुम्ही. खाली बसू का?"

"बस ग थोडा वेळ," विहीणबाई म्हणाल्या. "फोटो काढायचाय अजून."

एव्हाना आम्ही वस्तीसमोर आलो होतो. तिथे मासेमारीच्या मोठ्या होड्या ओळीनं नांगरलेल्या असतात आणि त्यांचे दोर किनाऱ्यापर्यंत ताणून बांधलेले. भरतीला ते दोर पाण्याखाली असतात. ओहोटीला वर येतात. होडीवाला वल्ही मारायचं थांबला होता, तरी आम्ही पुढे चाललोच होतो. खाडीच्या तोंडाकडे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हाच वर काहीतरी कचकन अडकलं.

एक दोर मखराच्या कमानीत घुसला होता. मखर जागच्या जागी थांबलं आणि खालून पाणी होडीला ओढत राहिलं. होडी आडवी फिरली, एका कुशीवर कलली आणि कडेवरून पाणी आत आलं. ओटीचे तांदूळ, नारळ, लाडू, सगळं एका बाजूला घरंगळलं. आम्हीही. फक्त तुमची आई वर राहिली, खुर्चीचे हात धरून, पाय लटकलेले. आमच्यातल्या कुणालाही पोहता येत नव्हतं.

आम्ही ओरडलो. जीव खाऊन ओरडलो. धक्क्यावर माणसं होती, बायका होत्या, पोरं होती. शहराच्या इतक्या जवळ होतो की त्यांचे चेहरे दिसत होते. कुणाच्या तरी लग्नाचा लाऊडस्पीकर लागला होता. त्यांना दिसली फुलांची होडी आणि हात वर केलेल्या नटलेल्या बायका. त्यांनीही हात हलवले. पोरं टाळ्या पिटत धक्क्यावरून आमच्या बरोबरीनं धावली. एक बाई ओरडली, "पोरगा होणार, पोरगा!" मी आजवर इतकी एकटी कधी पडले नाही.

"मखर तोडा!" होडीवाला ओरडला. तो सगळं वजन दुसऱ्या कडेवर टाकून लोंबकळत होता, त्याला हलता येत नव्हतं. "कोयती हाय फळीखाली! तोडा!"

मी कोयती काढली. विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. "मखराला हात लावू नका! भरल्या ओटीचं मखर मोडत नाहीत! पोराच्या जिवावर येईल!"

"होडी उलटतेय, विहीणबाई."

"माणसं येतील. बघतायत ना ती! थांबा."

मी थांबले. किती ते माहीत नाही. त्यांच्या डोळ्यांत इतकी भीती होती की ती मला खरी वाटली. मी माणसं येतील म्हणून धक्क्याकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती. तेवढ्यात तुमची आई म्हणाली, "आई, माझे हात सुटतायत." ओरडली नाही. नुसतं सांगितलं. मी विहीणबाईंचा हात झटकला आणि सुंभावर कोयती घातली.

मखर सुटलं. होडी दणकन सरळ झाली आणि त्या हिसक्यानं तुमची आई खुर्चीतून खाली आली. होडीतल्या आडव्या फळीवर, पोटावर.

मखर दोरातून निसटून आमच्या आधी धक्क्याशी पोचलं. केळीचे खुंट आणि फुलं पाण्यावरून एकटी वाहत आलेली पाहिली, तेव्हा टाळ्या थांबल्या. मग मात्र माणसं धावली. आमची होडी पुढे गाळात रुतली होती. चालत येता येईना, पोहता येईना, इतका तो चिखल. दोघातिघांनी लहान होडी ढकलत ढकलत आणली. तोवर मी तुमच्या आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिचं पोट हाताला दगडासारखं लागत होतं. ती एकसारखी विचारत होती, "हलत का नाही ग? मघापर्यंत हलत होतं." मी म्हणत होते, झोपलं असेल. रक्त पाण्यात मिसळलेलं होतं, त्यामुळे किती ते कळत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर बाळाचे ठोके ऐकायची नळी टेकवली. इकडे, मग तिकडे, मग पुन्हा इकडे. प्रत्येक वेळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाही. शेवटी त्यांनी नळी खिशात ठेवली आणि तुमच्या आईचा हात धरला.

बाहेर बाकावर आम्ही दोघी विहिणी ओल्या लुगड्यांत बसून होतो. मला वाटलं, आता त्या म्हणणार, मखर तोडलंत ना? त्या म्हणाल्या, "तुम्ही माझं ऐकायला नको होतं. मी पुण्याची बाई. मला काय कळतंय पाण्यातलं? तुम्ही शिकलेल्या. का थांबलात?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मला त्यांचा राग आला आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कळा देऊन मोकळं केलं. मुलगी होती. नर्सनं लगेच फडक्यात गुंडाळली आणि निघाली. तेव्हा तशीच रीत होती. आईला दाखवायचं नाही, म्हणजे ती लवकर विसरते. शेजारणीही तेच म्हणाल्या, विहीणबाईही म्हणाल्या, "नको, जन्मभर डोळ्यांपुढून जाणार नाही."

तुमची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं हात मागे केला, बोटं उघडी ठेवून, काही घ्यायला करतात तसा. या वेळी मी थांबले नाही. नर्सच्या हातातून ते गाठोडं घेतलं, फडकं बाजूला केलं आणि पलंगावर तिच्या कुशीत ठेवलं. डोक्यावर दाट काळं जावळ होतं. मुठी मिटलेल्या. तुमच्या आईनं एकेक बोट उलगडून पाहिलं, पुन्हा मिटलं.

"नाक तुझं आहे, आई," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो. कुणीतरी दार ढकललं. मी पाठ लावून ते धरून उभी राहिले, ती 'आता ने' म्हणेपर्यंत.