पेंग्विन ढकलताना

माझ्या स्केटिंगबद्दल आमच्या घरात जे काही माहीत आहे, ते सगळं मीच सांगितलेलं आहे. दुसरा साक्षीदार नाही.

लग्नाआधी ऑफिसने मला दोन हिवाळे एका थंड देशात पाठवलं होतं. तिथे घरामागचं तळं गोठायचं आणि संध्याकाळी सगळी गल्ली त्याच्यावर उतरायची. मीही उतरले, पडले, हळूहळू शिकले. परत आल्यावर इथे बर्फ बघायचा तो उसाच्या रसात नाहीतर पापलेटांच्या खाली. त्यामुळे माझी परीक्षा कोणी घेईल ही भीती उरली नाही. वर्षागणिक ते तळं मोठं होत गेलं आणि मी वेगवान. मुलीला भात भरवायच्या वयापर्यंत तर मी एका पायावर गिरकीसुद्धा घ्यायला लागले होते.

ती मुलगी आता कॉलेजात जाते. लोअर परळच्या एका मॉलमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं बर्फाचं रिंगण घातलं, तशी तिने मला न विचारता तिकीट काढलं आणि म्हणाली, "आई, आता दाखवच."

मी तिच्या आजीकडे बोट दाखवलं. "हिच्याजवळ कोण बसणार?"

माझी आई वर्षभर आमच्याकडे परळलाच आहे. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ते छान जुळलंही. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन कुठेही फिरा. आई मात्र फिरते ती बेडरूमपासून बाल्कनीपर्यंत. तिचं सगळं आयुष्य फणसवाडीत गेलं. तिथल्या एका छोट्या देवळात दर गुरुवारी बायकांचं भजन असतं आणि त्या भजनात पेटी आईची. पडल्यापासून ती तिकडे फिरकलेली नाही.

"वॉकर सुटला की जाईन," हे तिचं ठरलेलं उत्तर.

"आणि नाही सुटला तर?"

"तर नाही जाणार. अगो बाय, ज्या पायऱ्या मी उड्या मारत चढले, तिथे आता हे चार पाय टेकत जाऊ? म्हणतील, संपली बिचारी."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की वॉकर बहुतेक सुटायचा नाही. आईला ते मी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं. आधी बायकांचे फोन यायचे, पुढे तेही कमी झाले. पूर्वी आमटीला फोडणी देतानासुद्धा ती गुणगुणायची. आता स्वयंपाकघरात फक्त मिक्सरचा आवाज. मी तिला जेवायला वाढायची, गोळ्या द्यायची, खाली बघू नकोस, समोर बघ, पाय फरफटू नकोस म्हणून दिवसभर मागे लागायची. पेटीचा विषय मात्र टाळायची. ती अशीच हळूहळू विझून जाईल, याची मला भीती वाटत होती.

म्हणून आई जेव्हा म्हणाली, "मीही येते. तिथे मला कोण ओळखतंय," तेव्हा माझी पळवाट बंद झाली, तरी मी लगेच तिच्या चपला काढून ठेवल्या.

वॉकरवर तिने आपली राखाडी शाल पसरली, दिसू नये म्हणून. वॉकर झाकला खरा, पण आम्ही पोपटाचा पिंजरा घेऊन मॉलमध्ये निघालोय असं वाटत होतं.

रिंगणाला कमरेएवढी काच होती. बाहेर बाकावर आई आणि मुलगी बसल्या. मी भाड्याचे बूट घट्ट बांधले. बर्फ तळ्यासारखा नव्हता, फ्रिज साफ करायला काढल्यावर खाली जमतो तसा होता, वर थोडं पाणी. आत पहिली-दुसरीतली पोरं होती आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या कमरेएवढा एक प्लास्टिकचा पेंग्विन. पेंग्विनच्या दोन बाजूंना धरायला मुठी. पोरं त्याला ढकलत ढकलत पाय सरकवायला शिकत होती.

शिकवणाऱ्या बाईने मलाही विचारलं, "मॅडम, पेंग्विन लेंगे?"

"नको. मला येतं," मी म्हणाले.

कठडा सोडून मी उजवा पाय पुढे टाकला. पाय माझी वाट न बघता गेला. मी बसलेच. आवाज असा झाला की पोरांनी पेंग्विन थांबवले. उठून परत कठडा सोडला. या वेळी दोन्ही पाय गेले.

काचेपलीकडून मुलगी म्हणाली, "आई, ही गिरकी होती का?"

"गप गो," आई तिला म्हणाली. मग मला, "लागलं का?"

"नाही."

"मग घे की तो पक्षी."

"आई, तो लहान मुलांचा आहे."

"तू कोण मोठी लागून गेलीस? पडण्यापेक्षा धरलेला काय वाईट?"

बोलून झाल्यावर तिचीच नजर शालीखालच्या वॉकरकडे गेली. मी त्या बाईला हात केला आणि तिने सगळ्यात मोठा पेंग्विन आणून दिला. तो माझ्या मांडीपर्यंत येत होता. त्याच्या मुठी धरायला मला इतकं वाकावं लागलं की मागून मी कशी दिसत असेन याचा विचारच केला नाही. ऑफिसात माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत. त्यातलं कोणी त्या दिवशी सहकुटुंब मॉलमध्ये आलं नसावं अशी आशा आहे.

मी निघाले. काचेच्या बाजूने गेले की आईचा आवाज यायचा.

"खाली काय बघतेस? समोर बघ."

पुढच्या फेरीला, "पाय फरफटू नकोस."

त्याच्या पुढच्या फेरीला, "खांदे सैल. श्वास घे. कोणी मागे लागलेलं नाही."

वर्षभर मी तिला ऐकवलेलं सगळं ती व्याजासकट परत करत होती. शब्दसुद्धा तेच. मला हसू यायला लागलं. हसताना माणूस सैल होतो, बहुधा त्यामुळेच गुडघे आपोआप वाकले. डाव्या पायाने ढकललं आणि उजवा लांब सरकत गेला. त्या तळ्यावर जायचा तसा. तो जुना थंड वारा कानाशी आला. मी पेंग्विनवरचा एक हात काढला, मग दुसरा. चार-पाच वेळा पाय नीट पडले, अगदी नीट. एवढी वर्षं सांगितलेल्या गोष्टीतलं काहीतरी खरंच पायात उरलं होतं. मी ऐटीत काचेकडे बघितलं.

मुलगी मोबाईलवर स्वतःचा फोटो काढत होती. आई फोनवर बोलत होती.

मी कठड्याला येऊन टेकले.

"...काठीची लाज वाटते होय तुला?" आई फोनमध्ये म्हणत होती. "अगो, माझी लेक बघ. एवढी ऑफिसातली साहेबीण. इथे बर्फावर पोराटोरांत प्लास्टिकचा पक्षी ढकलतेय, सगळा मॉल बघतोय. आणि हसतेय गो मेली. ते काही नाही. गुरुवारी तू काठी घेऊन ये, मी माझा वॉकर घेऊन येते."

पलीकडे तिची फणसवाडीतली मैत्रीण होती. भजनात पहिला आवाज तिचा. गुडघे गेले, काठी लागली, तशी तीही भजन सोडून घरात बसली होती. आम्हाला हे आत्ता कळत होतं. आईने कधी सांगितलं नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा सलवार मागून ओली झाली होती आणि एसीत दात वाजत होते. आईने वॉकरवरची शाल ओढून काढली आणि माझ्या कमरेला गुंडाळली. "चल, काहीतरी गरम घेऊ," म्हणाली आणि वॉकर टेकत पुढे निघाली.

गुरुवारी टॅक्सी वाडीच्या तोंडाशी थांबली. देवळाच्या पायऱ्या आईने माझा हात धरून चढल्या आणि वर गेल्याबरोबर हात सोडून वॉकर मागितला. बायका गोळा झाल्या. काठीवालीही आली होती, सुनेच्या आधाराने. कोणीतरी आईसाठी खुर्ची आणि पेटी ठेवायला स्टूल आणलं. पेटी उघडायच्या आधी आईने माझी गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत मी पेंग्विनसकट आडवी झाले, पेंग्विन माझ्यावर बसला आणि आम्हाला सोडवायला दोन वॉचमन धावले. असं काही झालं नव्हतं. दाराशी बसून मी सगळं ऐकून घेतलं आणि बायका माझ्याकडे वळून हसल्या तेव्हा मान डोलावली.

मग आईने भाता मोकळा केला. बोटं सुरुवातीला चुकली. तिने थांबून परत धरलं आणि नेहमीचा सूर लावला. मैत्रिणीने पहिली ओळ उचलली, अर्ध्यावर आवाज फाटला.

"नाही गो जमत," ती म्हणाली. "एवढं वर आता जात नाही."

"मग कशाला जायचं वर?" आई म्हणाली. "मी एक पट्टी उतरते. तू ये सावकाश."