बोंडअळीची तीन मिनिटं

राजापेठेत आमच्या माडीवर भाड्याने राहणारी एक पोरगी कपाशीच्या बोंडअळीवर पीएचडी करते. अडखळली की ओढणीने चष्मा पुसते. लोकांसमोर तीन मिनिटांत संशोधन सांगायची स्पर्धा होती, म्हणून पंधरा दिवस तिने ते माझ्यासमोरच घोटलं.

स्पर्धेत ती छान रंगली होती. तेवढ्यात मागून एक शेतकरी उठला, "बाई, मंग फवारनी कवा करू?"

तिने चष्मा पुसला आणि भाषण सोडून त्यालाच समजावत बसली. घंटा वाजली, बक्षीस गेलं.

"काहून थांबली वं?" परतताना मी ऑटोत विचारलं.

"आजी, त्याले उद्याच फवारायचं होतं."

मी तिच्या वयाची असताना वादविवाद स्पर्धेत असंच मधे बोलणाऱ्या एका आजोबांना दटावून खाली बसवलं आणि कप जिंकला. कप आहे अजून, त्यात चमचे ठेवते. आजोबांना काय विचारायचं होतं, ते मात्र कळलंच नाही.