पिवळा बल्ब

शेणव्याच्या रस्त्यावर रात्री खड्डे दिसेनात, म्हणून मोटरसायकलला पांढरा एलईडी बसवायला मी मुरबाडच्या गॅरेजात गेलो होतो.

माझ्या आधी सिद्धगडाच्या पायथ्याकडचा एक म्हातारा होता. खांद्यावरच्या पंच्याने तो एका गाडीच्या हेडलाइटची काच पुसत होता. पुसून झाली की पुन्हा पुसायचा. मला घाई होती, त्यामुळे त्याच्या त्या पुसण्याचाही राग येत होता. गाडीचा मालक, त्याचा तरुण शेजारी, बाजूला मान खाली घालून उभा होता.

"पिवळा काढ, पांढरा टाक," म्हातारा मेकॅनिकला म्हणाला.

"काका, धुक्यात पिवळाच बरा."

"म्हाईत हाय. माझ्या पोरानेच लावलेला. तो गेला, मंग गाडी मी याला इकली. पन वळणावर पिवळी लाइट दिसली का म्हातारी अजून चुलीवर तवा ठेवते. रोज सांगतो, तो नाय गो. ऐकत नाय."

मेकॅनिकने बल्ब बदलला आणि बटण दाबलं. भिंतीवर पांढराफेक उजेड पडला. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला.

"आता कोनाची पन वाटेल," तो म्हणाला आणि पुन्हा काच पुसायला लागला.

माझा नंबर आला तेव्हा मी एलईडी नको म्हणालो. वायरिंग नवीन टाक, उजेड वाढव, पण बल्ब जुन्यासारखा पिवळाच ठेव, असं सांगितलं. आमच्या पडवीतूनही वळण दिसतं, आणि तिथे आई बसलेली असते.