बिरोबाला म्हटलं, पेटू देऊ नको

देवानं माझं ऐकलं की नाही, हे मला आजही धड सांगता येत नाही. ऐकलं म्हणावं तर एक तरणाताठा माणूस गेला, आणि नाही म्हणावं तर माझा नवरा समोर बसून चहा पितो आहे. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमचे हे तेव्हा बारामतीला एका शेठच्या छोट्या विमानाच्या शेडवर राखणीला होते. सासरच्यांनी पिढ्यानपिढ्या मेंढरं राखली, यांनी विमान राखलं, अशी मी त्यांची चेष्टा करायची.

त्या दसऱ्याला यांनी विमानाची साग्रसंगीत पूजा केली. पंख्याला हार, चाकाखाली लिंबू, पंखावरच्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. पायलट गोड स्वभावाचा होता. तो खूश होऊन म्हणाला, चला, तुमच्या गावावरून एक चक्कर मारू. उडण्याआधी झाकण उघडून टाकीत डोकावायचं असतं म्हणे. तो हात घालणार तोच हे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सायेब, आत्ताच पुजलंय. आत काटा दावतुय की." पुजलेलं विस्कटायला त्याचाही हात धजेना. त्यानं काट्यावर भागवलं, आणि काटाच बिघडलेला होता.

इकडे आमच्या गावी, लासुर्ण्यात, यांचा फोनवरून निरोप आला म्हणून मी अंगणात उभी. विमान आलं, मी वेड्यासारखा पदर हलवला, आणि बरोबर डोक्यावर त्याचा आवाज बंद झाला. ते तसंच मुकाट खाली खाली जात पलीकडच्या नांगरलेल्या रानात आदळलं. मी ऊर फुटेस्तोवर पळाले. बांधावर माणसं जमली होती, पण पुढे कुणी जाईना. "लांब व्हा, पेटंल ते," असं म्हणत एकमेकांना मागे ओढत होती. आत पट्ट्यात अडकलेले हे विव्हळत होते. मी तिथेच बसले आणि म्हटलं, बिरोबा, पेटू देऊ नको. दुसरं काही सुचलं नाही.

तेवढ्यात रस्त्यानं सायकलवर एक मुसलमान खाटीक चालले होते. कुठले, कोण, मला ठाऊक नाही. त्यांनी सायकल आडवी टाकली, सरळ विमानापाशी गेले आणि सुऱ्यानं पट्टे कापायला लागले. मागे वळून मला म्हणाले, "वैनी, रडत बसू नगा. हितं या, पाय धरा." मी उठले. आम्ही दोघांनी यांना बाहेर ओढलं. पायलट जागीच गेला होता. त्या भाऊंनी स्वतःचा पंचा त्याच्या तोंडावर घातला आणि जीप येईपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिले. विमान पेटलं नाही.

पुढे चौकशीत कळलं, टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. म्हणून ते पडलं, आणि म्हणूनच पेटलं नाही. ते कळलं त्या दिवशी मी देव्हाऱ्यापुढे बसून बिरोबाशी कडाकडा भांडले. मी मागण्याआधीच त्यानं दिलं होतं, आणि जे मला दिलं त्यानंच त्या पोराचा जीव गेला होता. अशा देण्याचे आभार कसे मानायचे?

दिवसकार्य उरकल्यावर पायलटची आई ते रान बघायला आली. यांनी काठीवर भार देत तिला सगळं सांगितलं. टाकी उघडू दिली नाही, तेही लपवलं नाही. मला वाटलं, आता ही बाई तळतळाट देणार, आणि तो मला पदरात घ्यावा लागणार. तिनं वाकून एक ढेकूळ उचललं, परत खाली ठेवलं. मग यांच्याकडे वळून म्हणाली, "पाय दुखतो का अजून?"

"व्हय," हे म्हणाले.

"शेकत जा," ती म्हणाली, आणि एस्टीकडे चालू लागली.

कृपा म्हणतात ती मी डोळ्यांनी पाहिली ती एवढीच. तेव्हापासून बिरोबापुढे हात जोडते, पण मागायला तोंड उघडत नाही. संध्याकाळी विटकर तापवते आणि यांचा पाय शेकते.