साठ आणि एकोणसाठ

आमच्या मुलींच्या निवासी शाळेत आठवीला मोफत जागा चाळीस. त्यासाठी नाशिकला गणिताची प्रवेश परीक्षा होते आणि सगळे पेपर मी एकटी तपासते. माझी तपासणी काटेकोर अशी ख्याती आहे, आणि खरं सांगायचं तर ती मीच पसरवलेली आहे.

गेल्या वर्षी कच्ची यादी साठ गुणांवर थांबली. एकोणसाठवाली मुलगी पेठ तालुक्यातली. तिचे वडील पिंपळगावच्या द्राक्षं पेट्यांत भरायच्या पॅकहाउसमधला एक दिवसाचा रोज बुडवून तिला घेऊन आले. गावची शाळा सातवीला संपते, इथे जागा मिळाली नाही तर पुढच्या हंगामात ती त्यांच्यासोबत द्राक्षांच्या कामाला जाईल, असं त्यांनी सांगितलं. सुरात तक्रार नव्हती. मग त्यांनी विचारलं, "बाई, परत तपासला तर तेवढंच मार्क पडतील का?"

"तेवढेच पडतील," मी ताडकन म्हणाले आणि अंतिम यादी शनिवारी लागेल म्हणून त्यांना वाटेला लावलं.

ते गेल्यावर मात्र मला स्वतःचाच राग आला. वर्गात मी दरवर्षी मुलींना फळ्याची लांबी तीनदा मोजायला लावते. पट्टी तीच, हात तोच, तरी उत्तरं तीन येतात. मग मी ऐटीत सांगते की नुसतं माप लिहू नका, ते किती इकडेतिकडे होऊ शकतं तेही लिहा. स्वतःच्या तपासणीला मी कधी हे लावून पाहिलं नव्हतं.

गुण मी पेपरवर लिहीत नाही, वेगळ्या तक्त्यावर लिहिते. तो तक्ता मी कारकुनाच्या कपाटात कुलूपबंद केला, साठच्या आसपासचे वीस पेपर त्याच्याकडून नावं झाकून, पिसून घेतले आणि शुक्रवारी दिवसभर पुन्हा तपासले. संध्याकाळी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. जेमतेम तीन पेपरांचे गुण जुळले. बाकी कुठे दोनने वर, कुठे तीनने खाली, एकीचे तर तब्बल पाचने. पायऱ्या गाळून आलेल्या बरोबर उत्तराला मी एकदा पूर्ण गुण दिले होते, एकदा निम्मे. पेठच्या मुलीला आता बासष्ट होते. यादीतल्या शेवटच्या मुलीला अठ्ठावन्न.

मी तक्ते घेऊन तडक मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, नवे गुण धरू, पेठच्या मुलीला घेऊ. मी म्हटलं, नवे गुणही तितकेच डळमळीत आहेत, तिसऱ्यांदा तपासलं तर पुन्हा उलटं होईल. साठच्या अलीकडे-पलीकडे तीन गुणांतल्या सगळ्या मुली सारख्याच धरून त्यांच्यात चिठ्ठ्या टाकू.

"चिठ्ठ्या टाकायच्या तर पालकांना कारण सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगाल? सगळ्यांसमोर?"

माझ्या डोळ्यांसमोर पालकांनी भरलेला हॉल आला. मी दिलेल्या गुणांचा काही भरवसा नाही, हे माइकवरून माझ्याच तोंडून. मी म्हणाले, राहू द्या, जुनीच यादी ठेवू. आणि सही केली. बाहेर पडताना मी स्वतःला समजावत होते की कोणत्याच आकड्याला जास्त मान न देणं हेच शास्त्राला धरून आहे. सगळं खोटं. मी घाबरले होते.

शनिवारी बापलेक यादीसमोर उभे होते. मला पाहून ते जवळ आले. मी पेपर पुन्हा तपासल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "तेवढेच पडले."

त्यांनी मला हात जोडले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "बाईनं दोनदा तपासला बघ. तूच कमी पडली."

मुलीने मान हलवली.