न बघता दिलेली कमांड

आमच्या हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममधल्या मामांना कुठलंही काम सांगा, उत्तर ठरलेलं: "आधी बघतो." म्हणून आम्ही त्यांना बघतोमामा म्हणायचो. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आणि त्यांचा साहेब. चेष्टेत मीच पुढे.

प्रत्येक पेशंटचा स्कॅन आमच्याकडे तीन मशीनवर, तीन प्रतींत ठेवलेला असतो. कधीकधी त्या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत आणि पडद्यावर लाल पट्टी येते. दुरुस्तीची एक कमांड आहे, पण ती डोकं चालवत नाही. पहिल्या मशीनवरची प्रत खरी धरते आणि बाकीच्या दोन्हींवर तीच चढवते. म्हणून मामा आधी तिन्ही प्रती बाजूला काढायचे, चष्मा कपाळावर सरकवून एकेक उघडून बघायचे आणि मगच कमांडला हात लावायचे. अर्धा दिवस जायचा. मला भयंकर वैताग यायचा.

त्या दिवशी मामा दाढ दाखवायला गेले होते आणि दुपारी संचालक आमची खोली बघायला येणार होते. नेमकी लाल पट्टी आली. मी सरळ कमांड दिली. पाच मिनिटांत पट्टी हिरवी झाली, संचालकांनी पाठ थोपटली आणि मी शेफारलो.

आठवड्याने छातीच्या डॉक्टरांचा फोन आला. एका शिक्षिकेच्या फुप्फुसात गाठ दिसत होती. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये ती तेवढीच असती तर काळजी नव्हती, नाहीतर सुई घालून तुकडा काढावा लागणार होता. जुना स्कॅन उघडला तर नुसता करडा चिखल. तिन्ही मशीनवर तोच. पहिल्या मशीनची डिस्क बिघडत होती, आणि चांगल्या दोन प्रती मीच पुसल्या होत्या.

"कसं झालं हे?" संचालकांनी विचारलं.

"डिस्क खराब होती," मी म्हणालो. डिस्कची देखभाल मामांकडे असते. एक अक्षर खोटं न बोलता मी सगळं खापर त्यांच्या माथी फोडलं.

मामांनी नोंदी काढल्या. कमांडपुढे माझं नाव होतं, वेळही होती. ते कुणाला काही बोलले नाहीत. त्या बाईंना भेटायला मात्र स्वतः गेले. मी दाराबाहेर उभा होतो.

"आमच्या हातून तुमचा जुना स्कॅन गेला," मामा म्हणाले.

"अहो, मशीनच ती. तुम्ही काय करणार?" बाई म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाय काही आत गेला नाही.

सुई घातली. बाई दोन दिवस कण्हत पडून होत्या. गाठ साधी निघाली. सुटलो बुवा, असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज अजून जात नाही.

मामा केबिनमध्ये आले. "साहेब, आता सगळं ठीक आहे. आता तरी त्यांना सांगून या. रागावायच्या नाहीत त्या."

"आता कशाला?" मी म्हणालो.

मामा "बरं" म्हणून गेले. कुणाला कुठली कमांड देता येईल हे कॉम्प्युटरमध्ये तेच लावायचे; त्याच दुपारी त्यांनी दुरुस्तीच्या कमांडवरचा माझा अधिकार काढून टाकला. त्यांनी मला विचारलं नाही, आणि मीही त्यांना विचारलं नाही.